गाडी निवडावी मागच्या आसनावर बसून

दसरा आणि दिवाळीचा पाडवा जवळ आला की घराघरांत नव्या वाहनाचा विषय निघतो. गेल्या काही वर्षांत या विषयाला एकच नाव चिकटले आहे, ते म्हणजे एसयूव्ही. पूर्वी ज्या घराचे समाधान आटोपशीर हॅचबॅकने किंवा सेडानने होत असे, तेच घर आज उंच आणि ऐटबाज गाडीशिवाय दुसरे काही पाहावयास तयार नसते. या आवडीत वावगे काही नाही. आपले खड्डे, अंदाज न देता पुढे येणारे गतिरोधक आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून वाहणारे पाणी पाहता जमिनीपासून उंच असलेली गाडी बऱ्याच अंशी सोयच म्हणावी लागेल.

प्रश्न निवडीच्या पद्धतीचा आहे. शोरूममध्ये जातो कोण? घरातील कर्ता पुरुष आणि त्याच्यासोबत मोबाईलवर सर्व माहिती पाठ करून आलेला मुलगा. दोघेही पुढच्या आसनावर बसतात, चक्र हाती घेतात, पडद्यावर बोट फिरवून पाहतात, छतावरील काच उघडून पाहतात आणि बयाणा देऊन परततात. ज्या आजी-आजोबांना, ज्या गृहिणीला आणि ज्या लहान मुलांना पुढची दहा वर्षे मागच्या आसनावर बसून प्रवास करावयाचा आहे, त्यांना ती गाडी प्रथम दिसते ती घरी आल्यावर, कुंकवाचे स्वस्तिक काढण्याच्या वेळी. ज्याला गाडी चालवावयाची आहे त्याच्या पसंतीला मोल आहेच. परंतु कुटुंबाची गाडी पारखण्याची खरी जागा मागचे आसन आहे, आणि तेथे बसून पाहिले तर पसंतीचा क्रम पुष्कळदा बदलतो.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. आज एसयूव्ही या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न प्रकृतीची वाहने विकली जातात. पहिला प्रकार जुन्या जीपच्या आणि ट्रकच्या वंशातला आहे. खाली पोलादी शिडीसारखी चौकट आणि तिच्यावर बसविलेला वेगळा सांगाडा, अशी त्याची रचना असते. बोलेरो, थार, नाशिकच्या कारखान्यातून २००२ मध्ये बाहेर पडलेली स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर ही या घराण्यातील परिचित नावे. दुसऱ्या प्रकारात चौकट आणि सांगाडा एकजीव असतो, म्हणजे मुळात ती मोटारच असते, फक्त उंच केलेली. जगात तिला क्रॉसओव्हर म्हणतात. टोयोटाने १९९४ मध्ये आणलेली आरएव्ही४ ही या जातीच्या आरंभीच्या यशस्वी गाड्यांपैकी एक. आपल्याकडे २०१२ ची डस्टर आणि २०१३ ची इकोस्पोर्ट यांनी ही वाट रुंद केली, आणि आज क्रेटा, सेल्टोस, ब्रेझा, पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन अशा बहुतेक लोकप्रिय गाड्या याच जातीच्या आहेत.

ज्यांचे शेत रस्त्यापासून आत आहे, ज्यांना पावसाळ्यात चिखलातून नित्य जावे लागते किंवा जड माल ओढावा लागतो, त्यांच्यासाठी शिडी-चौकटीची गाडी योग्यच. मात्र मोकळ्या गाडीत ती खड्ड्यावर अधिक हेलकावते, वळणावर अधिक झुकते आणि तिची जमीन उंच असते. हा शेवटचा मुद्दा वाचताना किरकोळ वाटेल, म्हणून त्यावर थोडे थांबू.

सांगलीकडील एका परिचित कुटुंबात बहात्तर वर्षांच्या मातोश्री आहेत. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. चिरंजीवांनी मोठ्या हौसेने शिडी-चौकटीची उंच गाडी घेतली. पहिल्या महिन्यात सर्व मंडळी कुंथलगिरीला जाऊन आली. त्यानंतर बाहुबलीला जाणे झाले, एक लग्न झाले, माहेरचे एक वास्तुपूजन झाले, आणि प्रत्येक वेळी मातोश्री म्हणत, “तुम्ही जाऊन या, मला घरीच बरे वाटते.” कोणी आग्रह केला नाही, कारण त्यांनी तक्रारही केली नव्हती. सहा महिन्यांनी सूनबाईंच्या ध्यानात आले की सासूबाईंना गाडीत चढता येत नाही आणि मुलाच्या हौसेला गालबोट नको म्हणून त्या ते बोलून दाखवीत नाहीत. आता डिकीत एक प्लास्टिकचे स्टूल ठेवलेले असते. ते कधी बरोबर असते, कधी कोणाच्या तरी ओसरीवर विसरलेले असते.

वृद्धांच्या दृष्टीने गाडीच्या आसनाची उत्तम उंची कोणती, याचे उत्तर सोपे आहे. दाराशी पाठ करून उभे राहिले असता आसनाची कड साधारण नितंबाच्या पातळीवर यावी. मग खाली वाकून बसावे लागत नाही आणि वर चढावेही लागत नाही, केवळ टेकून पाय आत घ्यावयाचे असतात. हॅचबॅकमध्ये आसन खाली जाते, शिडी-चौकटीच्या गाडीत फार वर जाते, आणि मध्यम आकाराचा क्रॉसओव्हर बहुतेक वेळा नेमका मध्ये बसतो. वयस्कर माणसांच्या घरात या गाड्या एवढ्या का रुजल्या, याचे एक साधे कारण माझ्या मते हे आहे. जाहिरातीत मात्र डोंगर आणि वाळवंट दाखवतात. गुडघे कोणी दाखवीत नाही.

उंचीसोबत आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. मागचे दार किती रुंद उघडते, दाराचा उंबरठा किती जाड आहे आणि छताची कड मागे उतरती आहे काय. कूपेच्या धर्तीवर छत उतरते केलेल्या गाड्या दिसावयास देखण्या असतात, पण आत शिरताना उंच माणसाचे डोके आणि अंबाडा दोन्ही आपटतात. साडी नेसलेल्या स्त्रीला उंबरठ्यावरून पाय उचलून टाकणे किती अवघड जाते, हे तिलाच विचारावे. दारावर हाताने धरावयाची मूठ आहे ना, तेही पाहावे. काही गाड्यांत ती पुढच्या प्रवाशासाठी असते आणि मागे नसते.

आत बसल्यावर घाईने उतरू नये. विक्रेता म्हणतो, पाहा, गुडघ्यांपुढे किती जागा आहे. ती जागा बहुतेक गाड्यांत असतेच. पाहावयाचे ते मांडीखाली. आसनाची बैठक आखूड असेल किंवा जमीन उंच असेल तर गुडघे वर उचलले जातात, मांडी अधांतरी राहते आणि दोन तासांत कंबर बोलू लागते. विद्युत गाड्यांत बॅटरी पायांखाली असल्यामुळे काही ठिकाणी हा दोष अधिक जाणवतो. मधल्या प्रवाशाचा विचार तर कोणीच करीत नाही. त्याच्या पायांमध्ये उंचवटा येतो काय, त्याला डोके टेकावयास उशी आहे काय, त्याच्या पाठीत मधल्या हातटेकूचा कडक भाग रुततो काय, हे तेथे स्वतः वीस मिनिटे बसल्याशिवाय कळत नाही.

आपल्या घरांतील प्रवासाची एक रीत येथे आठवते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावयाचे असल्याने मंडळी पहाटे निघतात आणि दिवसाच्या उन्हात अंतर कापतात. अशा प्रवासात मागच्या बाजूस थंड हवेची स्वतंत्र झरोकी असणे आणि खिडक्यांना पडदे-जाळ्या असणे याचे मोल छतावरील मोठ्या काचेपेक्षा कितीतरी अधिक. ती काच पुष्कळ गाड्यांत डोक्यावरची जागा थोडी कमी करते, एप्रिल-मेच्या दुपारी ऊन आत आणते आणि बंद असली तरी तापते. आणि मुलांना तिच्यातून उभे करून बाहेर डोकावू देण्याची जी हौस रस्तोरस्ती दिसते तिच्याविषयी सौम्य शब्द सापडत नाहीत. जोरात ब्रेक लागला तर त्या मुलाला धरून ठेवणारे काहीही नसते.

यावरून मूळ मुद्दा येतो तो सुरक्षेचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी यांचे निधन झाले. पुढे बसलेले दोघे बचावले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. गाडी मोठी होती, महागडी होती, उंच होती. त्या आठवड्यात देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि मग ती हळूहळू विरली. वस्तुतः मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पूर्वीपासूनच बंधनकारक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित न बसविल्यासही तोच दंड आहे.

दंडाहून हिशेब अधिक बोलका आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर पट्टा न लावलेला मनुष्य त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा धक्का साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजल्यांहून थोड्या अधिक उंचीवरून पडण्याएवढा असतो. आणि मागचा मनुष्य पडतो कोठे? पुढे बसलेल्याच्या पाठीवर. पट्टा लावून सावधपणे गाडी चालविणाऱ्या मुलाच्या जिवाला त्याच्याच मागे मोकळे बसलेल्या वडिलांकडून धोका संभवतो. मांडीवर घेतलेल्या नातवाविषयी तर वेगळे सांगावयास नको. त्या क्षणी कोणाचेही हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत.

म्हणून गाडी पाहावयास जाताना मागचे तिन्ही पट्टे ओढून, लावून पाहावेत. मधला पट्टा खांद्यावरून येणारा आहे की केवळ कमरेचा, हे विचारावे. मागच्या प्रवाशाने पट्टा लावला नाही तर गाडी घंटा वाजवते काय, हे पाहावे. लहान मूल असेल तर बालआसन अडकविण्याचे आयसोफिक्स नावाचे दोन कडे आसनाच्या फटीत बोटांना लागतात की नाही, हे चाचपून घ्यावे. शोरूममधील तरुण विक्रेत्याने हे प्रश्न क्वचितच ऐकलेले असतात. त्याचा चेहरा गोंधळला तरी आपण विचारावे.

आता ताऱ्यांविषयी. भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी पद्धती १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरच्या अडथळ्यावर अर्धवट बाजूने आपटतात, बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाचा धक्का देतात, आणि प्रौढांसाठी ३२ व बालकांसाठी ४९ गुणांपैकी गुण देतात. या चाचण्यांनी उत्पादकांना जागे केले, यात शंका नाही. परंतु तारे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समोरच्या धडकेत प्रौढ माणसाच्या जागी ठेवलेले पुतळे पुढच्या दोन आसनांवर असतात. मागे असतात ती बालआसनात बसविलेली दोन लहान मुले, एक दीड वर्षाचे आणि एक तीन वर्षांचे. मागे बसलेल्या आजींचे काय होईल, हे त्या पाच ताऱ्यांतून थेट कळत नाही. म्हणून तारे पाहावेत, बालकांचे गुण वेगळे पाहावेत, आणि आजींसाठी पट्टा आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग यांचा आग्रह धरावा. सहा एअरबॅग म्हटले की त्यांत बहुधा या पडदा-एअरबॅग येतात, पण तिसरी रांग असलेल्या गाडीत त्या तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून घसरण आवरणारी ईएससी ही यंत्रणा कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. ती मिळत असेल तर चकचकीत चाके आणि सभोवतालचे रंगीत दिवे सोडून द्यावेत.

रात्रीच्या दिव्यांचेही तसेच. नोव्हेंबरपासून कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि त्यांतील कित्येकांना मागचा लाल दिवा नसतो. समोरची गाडी आपोआप ओळखणाऱ्या आधुनिक यंत्रणांचा गवगवा खूप होतो. त्या चांगल्या आहेत, परंतु अशा रस्त्यावर भरवसा शेवटी स्वच्छ प्रकाशावर आणि सावध डोळ्यांवर ठेवावा लागतो. विक्रेता ना म्हणत नसेल तर एक चाचणी फेरी अंधार पडल्यावर घ्यावी आणि मंद प्रकाशात किती दूरचे दिसते ते पाहावे. दिवसाची फेरी घेताना घरची सर्व मंडळी बसवून, वातानुकूलन चालू ठेवून, जवळच्या चढावर न्यावे. लहान टर्बो इंजिने एकट्या चालकाला तरतरीत वाटतात; पाच माणसे आणि सामान घेऊन घाटात दुसऱ्या गिअरवर ती क्षणभर दम टाकतात, तो क्षण आपल्याला चालतो की नाही हे आधीच कळलेले बरे.

सात आसनांचा मोह फार मोठा आहे. एकत्र कुटुंबात तो स्वाभाविकही आहे. परंतु एसयूव्हीची तिसरी रांग बहुतेक गाड्यांत मुलांपुरतीच असते, तेथे जाण्यासाठी मधले आसन दुमडून वाकत शिरावे लागते, आणि ती रांग उभी केली की डिकीत दोन पिशव्यांखेरीज काही मावत नाही. आपल्या प्रवासात घरचे डबे, गाळलेल्या पाण्याचे कॅन, अंथरुणे, पूजेचे साहित्य हे सारे बरोबर असते. ते ठेवावयाचे कोठे? डिकीचे लिटरमधील आकडे वाचण्यापेक्षा घरच्या दोन बॅगा आणि पाण्याचा एक कॅन बरोबर नेऊन ठेवून पाहावा. माझे स्पष्ट मत असे की ज्या घरात आठवड्याला सहा-सात माणसे एकत्र निघतात, त्यांनी एसयूव्ही या शब्दाचा मोह सोडून अर्टिगा किंवा इनोव्हा या जातीची गाडी घ्यावी. ती माणसांसाठीच बनलेली असते. आणि जेथे अशी वेळ वर्षातून चारदा येते, तेथे पाच आसनांची गाडी घेऊन त्या चार वेळी भाड्याची गाडी सांगावी. हिशेबात ते स्वस्त पडते.

आकाराचा विषय निघाला आहे तर कराचेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या देशात गाडीची लांबी अभियंत्यांइतकीच अर्थखात्याने ठरविली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या लहान मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. तेव्हापासून ३,९९५ मिलिमीटर ही लांबी आपल्याकडे जणू पवित्र झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना आली तेव्हाही हीच रेषा कायम राहिली. रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के, व वरचा अधिभार रद्द. मात्र लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. चार मीटरांच्या आतील ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसी असल्याने तिच्यावर ४० टक्के बसतात, तर १२०० सीसीच्या आतील पेट्रोल नेक्सॉन आणि १५०० सीसीच्या आतील डिझेल बोलेरो १८ टक्क्यांत राहतात. विद्युत गाडीवर ५ टक्के. लांबीच्या अर्ध्या वितीसाठी कर दुपटीहून अधिक होतो, म्हणून मोठी गाडी घेताना ती अर्धी वीत आपल्याला खरोखर हवी आहे काय, हा प्रश्न एकदा घरात मांडावा. जुन्या वाड्याचा दरवाजा आणि सोसायटीतील वाहनतळाची जागा फितीने मोजून यावे, हेही ओघाने आले. मोजताना आरसे धरून मोजावे. पत्रकात छापलेली रुंदी बहुधा आरसे सोडून असते.

इंधनाच्या निवडीत व्यापारी घरांची एक ठराविक समजूत असते की डिझेल म्हणजे बचत. समजा डिझेल गाडी दीड लाखाने महाग आहे, पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९१ रुपये लिटर आहे, आणि गाड्या अनुक्रमे १४ व १८ किलोमीटर धावतात. तर दर किलोमीटरला सुमारे २ रुपये ३७ पैसे वाचतात आणि दीड लाख वसूल व्हावयास सुमारे ६३ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या घराची त्यात सहा वर्षे जातात. दुसरी अडचण अशी की एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने बराच वेळ चालावी लागते. घर ते पेढी एवढ्या तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती गाळणी तुंबते, धोक्याचा दिवा लागतो आणि गाडी कार्यशाळेत जाते. ज्यांचे महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर महामार्गावर जातात त्यांनी डिझेल घ्यावे. गावातल्या गावात फिरणाऱ्यांसाठी पेट्रोल, सीएनजी किंवा घरी चार्जिंगची सोय असेल तर विद्युत गाडी अधिक सुखाची. सीएनजी घेताना टाकी डिकीत किती जागा खाते तेवढे पाहावे. संकरित गाड्या शहराच्या गर्दीत फार कमी इंधन पितात, परंतु त्यांची जास्तीची किंमतही वरच्या रीतीनेच मांडून पाहावी.

आपल्या वाचकांसाठी एक स्वतंत्र मुद्दा आसनांच्या आवरणाचा. महागड्या आवृत्तीत चामड्याची आसने असल्याचे सांगितले जाते. मध्यम किमतीच्या बहुतेक गाड्यांत ते ‘लेदरेट’ असते, म्हणजे कृत्रिम द्रव्यापासून बनविलेले, चामड्यासारखे दिसणारे कापड. परंतु विक्रेता बोलताना दोन्हीला ‘लेदर’च म्हणतो. शिवाय आसने कृत्रिम असूनही चक्रावर आणि गिअरच्या मुठीवर खरे चामडे गुंडाळलेले असू शकते. पत्रकातील बारीक अक्षरांत ‘लेदर-रॅप्ड’ असे शब्द आढळले तर नेमके काय आहे ते कंपनीकडून लेखी मागावे. ई-पत्राने विचारले असता उत्तर मिळते. खरे चामडे असेल तर एक पायरी खालची, साध्या कापडी आसनांची आवृत्ती घ्यावी. उन्हाळ्यात कापड शरीराला अधिक सुखावह असते आणि लाखभर रुपयेही वाचू शकतात. अहिंसेच्या आग्रहाने खिशाचाही फायदा व्हावा, असे प्रसंग थोडेच.

किमतीच्या बाबतीत जाहिरातीतील आकडा आणि दारात गाडी येईपर्यंतचा आकडा यांत मोठे अंतर असते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे पेट्रोल गाडी घेतल्यास किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के वाहनकर पडतो. कंपनीच्या नावे घेतल्यास तो २० टक्के होतो. कित्येक व्यापारी बंधू घसाऱ्याच्या लाभासाठी कंपनीच्या नावे गाडी घेतात आणि भरलेल्या वस्तू व सेवा कराचीही वजावट मिळेल असे समजतात. स्वतःच्या वापराच्या प्रवासी गाडीवर ती सर्वसाधारणपणे मिळत नाही, म्हणून घसाऱ्याचा लाभ आणि वाहनकराचा वाढीव बोजा यांची बेरीज-वजाबाकी सनदी लेखापालांकडून आधी करून घ्यावी. दहा लाखांवरील गाडीवर एक टक्का टीसीएस घेतात तो मात्र आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. तो विसरून जाणारे बरेच आहेत. कर्जाचेही एक गणित पाहा. दहा लाख रुपये ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २०,७६० रुपये आणि एकूण व्याज सुमारे अडीच लाख. सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता १६,०९० पर्यंत उतरतो, पण व्याज साडेतीन लाखांवर जाते. हप्ता परवडतो म्हणून वरची आवृत्ती घेण्याचा सल्ला विक्रेता देतो, तेव्हा तो हा वरचा एक लाख बोलत नाही.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी मुहूर्ताची घाई असते. म्हणून पाहणी आदल्या दिवशीच, उजेडात, नोंदणी होण्यापूर्वी करावी. गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, टायरांवरील आठवड्याचा आकडा, रंगावरील ओरखडे, जादा चाक, आणि मागचे तिन्ही पट्टे पुन्हा एकदा. सोबतचे सामान विकणाऱ्या खोलीत मात्र हात आखडता घ्यावा. पुढे लावावयाच्या लोखंडी संरक्षक दांड्यांवर केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ पासून कारवाईचे निर्देश दिलेले आहेत, कारण धडक शोषून घेण्याची गाडीची रचना त्या दांड्यांमुळे बिघडते आणि पादचाऱ्याला इजा अधिक होते. जाडजूड आसनकव्हरांविषयी फारसे कोणी बोलत नाही. पुढच्या आसनांच्या कडेला शिवणीतून उघडणाऱ्या एअरबॅग असतात, त्यांवर घट्ट कव्हर चढले तर त्या वेळेवर उघडणार नाहीत. आणि मागच्या आसनावर एकसंध कव्हर ओढले की पट्ट्यांची कुलुपे त्याखाली दडपली जातात, मग आजींनी पट्टा लावू म्हटले तरी लावता येत नाही. कव्हर बसविणाऱ्याला तिन्ही कुलपांसाठी वेगळ्या फटी ठेवावयास सांगावे आणि तो तयार नसेल तर कव्हर न घालताच गाडी घरी आणावी.